तिसऱ्या मजल्यावरचे लातूरकर

आम्ही चार बायका कुठंही जमलो की नांदेडच्या हॉटेलचा विषय निघतोच. राहिलो दोनच रात्री. पण शेंगा फोडायला बसलं की टरफलांचा ढीग कसा दाण्यांपेक्षा मोठा होतो, तसं त्या दोन दिवसांचं झालंय. दर वेळी कुणीतरी एक नवाच किस्सा काढते आणि बाकीच्या म्हणतात, "अगं हाव की, हे तर राहिलंच होतं." मी मात्र माझ्या डोळ्यांदेखत घडलं तेवढंच सांगते.

आधी आम्ही कोण ते सांगते. लातूरला एक कोचिंग क्लास आहे. माझ्या लेकीचे, अनूचे पप्पा तिथं टेस्टचे पेपर छापायच्या खोलीत कामाला. मी सातवी शिकलेली, त्यामुळं क्लासमध्ये काय शिकवतात ते मला कळत नाही, पण तिथली माणसं मी सगळी ओळखते. त्या वर्षी क्लासची खूप मुलं डॉक्टरकीला लागली. क्लासचे मालक म्हणजे मोठे सर, त्यांनी नांदेडला शाखा काढली आणि उद्घाटनाला सगळ्या स्टाफला घरच्यांसकट नेलं. उतरवलं ते विष्णुपुरीच्या बाजूला, गावापासून लांब, एका भारी हॉटेलात. हॉटेल कसलं, रिसॉर्टच. पुढं हिरवळ, मागं पोहायचा तलाव, आणि आत पाऊल टाकलं की चपलेचा आवाज आपल्यालाच ऐकू यावा अशी फरशी.

जाताना क्लासच्या बसमध्ये अहमदपूरपर्यंत गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. अहमदपूर मागं पडल्यावर मी ह्यांना हळूच विचारलं, "हॉटेल किती मजली आहे?"

"असंल चार-पाच."

त्यानंतर मी भेंड्यांत काही गायले नाही.

भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होते. किल्लारीच्या बाजूचं आमचं गाव. आई मला घेऊन बाहेर आली, धाकटा भाऊ आत राहिला. एवढंच सांगते. जास्त सांगत नाही, कारण आमच्या बसमधल्या निम्म्या लोकांकडं असं एकेक सांगण्यासारखं आहे. तेव्हापासून मी पत्र्याखाली झोपत आले. लग्न ठरवतानाही आमच्या वडिलांनी पहिलं हेच विचारलं होतं, घर स्लॅबचं का पत्र्याचं.

पण मला माझी काळजी नव्हती. काळजी होती अनूची. अनू तेव्हा पाच वर्षांची. रस्त्यानं उसाचा ट्रक गेला आणि खिडकीची काच वाजली, की ती काचेकडं बघायची नाही, माझ्या तोंडाकडं बघायची. मी भ्याले की भ्यायची, मी हसले की हसायची. माझी भीती तिच्यात उतरू नये, एवढंच मला पाहिजे होतं. आणि ती तर रोज थोडी थोडी उतरत होती.

*

काउंटरवर टाय लावलेला मॅनेजर होता. त्यानं सगळ्यांच्या हातात सरबताचे ग्लास दिले आणि फार आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं, "तुमच्या सगळ्या खोल्या तिसऱ्या मजल्यावर आहेत. बाल्कनीतून धरण दिसतं."

 सगळे सरबत प्यायचे थांबले.

क्लासच्या होस्टेलची मेस सांभाळतात त्या कमलमावशी. त्यांना कुणाची भीडभाड नाही. त्या पुढं झाल्या. "धरण बगून काय करू मी? मला जमीन दिसली पायजे."

"मावशी, वरून जमीनपण दिसते."

"दिसती तसली नको बाबा. पायाला लागती तसली पायजे."

मग एकेकानं सुरुवात केली. कुणाचे गुडघे दुखायले होते, कुणाला उंचीवर चक्कर येत होती, एकाला तर तीन हा आकडाच चालत नव्हता. मॅनेजर बिचारा म्हणाला, "खाली फक्त ड्रायव्हर लोकांच्या खोल्या आहेत, किचनच्या मागं. तिथं एसी नाही."

हे ऐकल्यावर आमच्या बसचे ड्रायव्हर शेखचाचा, त्यांच्याभोवती गर्दी झाली. फिजिक्सच्या सरांच्या मिसेस, सुजाता मॅडम, चाकाची बॅग ओढत सगळ्यांच्या पुढं. "चाचा, तुमची खोली आम्हाला द्या ना."

चाचा म्हणाले, "वीस बरस से गाडी चला रहा हूँ मॅडम, मेरे कमरे की इत्ती डिमांड कभी नै आई."

शेवटी फिजिक्सचे सर मधी पडले. त्यांनी एका खांबाला हात लावला, बोटानं वाजवून बघितलं, आणि खांब वजन कसं पेलतो, आजकाल बांधकाम कसं करतात, इमारत हलली तरी पडत का नाही, हे सगळं फळ्यासमोर उभं राहून सांगावं तसं समजावून सांगितलं. मला निम्मं कळलं नाही, पण बरं वाटलं. सगळ्यांनाच बरं वाटलं. एकेकजण चावी घ्यायला लागला.

सरांचा नंबर आला तेव्हा ते मॅनेजरकडं वाकून हळूच म्हणाले, "मला जिन्याजवळची द्या."

*

अनूनं लिफ्ट पहिल्यांदाच बघितली. तिला बसायचं होतं आणि मला त्या डब्यात पाय टाकवेना. शेखचाचा म्हणाले, मैं ले जाता. मी म्हटलं, तुम्ही या, मी जिन्यानं येते.

लिफ्टचं दार मिटलं आणि मी पळत सुटले. अनूनं आत सगळी बटणं दाबली होती, म्हणून लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत होती. पहिल्या मजल्यावर दार उघडलं, समोर मी. दुसऱ्यावर उघडलं, समोर मी, पदर खांद्यावरून घसरलेला. तिसऱ्यावर उघडलं तेव्हा मी भिंतीला टेकून धापा टाकत उभी होते.

चाचा अनूला म्हणाले, "बेटी, तेरी अम्मा तो लिफ्ट के पैले पोचती रे."

अनू टाळ्या वाजवून हसली. संध्याकाळी तिच्या पप्पांना सांगत होती, "पप्पा, ह्या हॉटेलात एक गंमत हाय. दार उगडलं की आई येती."

*

हा किस्सा ह्यांचा आहे. ह्यांना आवडत नाही, पण सांगते.

टेस्टचे पेपर छापायचं काम म्हणजे जोखमीचं. पेपर बाहेर जाऊ नये म्हणून ह्यांना सवय लागलेली. खोलीत कुणी आलं की समोरचा कागद पालथा घालायचा आणि त्यावर हात ठेवायचा. घरीसुद्धा लाइटचं बिल पालथं घालतात.

त्या दुपारी जेवायला बसलो. वेटरनं ह्यांच्या हातात मेनू दिला. हे वाचायला लागले. थोड्या वेळानं वेटर ऑर्डर घ्यायला परत आला, तसा ह्यांनी मेनू फाडकन पालथा घातला आणि वर दोन्ही हात ठेवले.

वेटर म्हणाला, "सर, काय आणू?"

ह्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "पनीर."

*

आता चपलांचं सांगते.

आमच्याकडं भूकंपानंतर लोकांना एक सवय लागली. झोपताना दाराला कडी लावायची नाही. घर हललं की चौकट वाकते, कडी अडकते, आणि मग माणूस आतच. माझ्या सासरी अजून दार नुसतं लोटून घेतात. त्या हॉटेलातलं दार मात्र आपोआप मिटायचं आणि मिटलं की खट्ट करून लॉक व्हायचं. मी ह्यांची एक चप्पल अर्धी बाहेर, अर्धी आत अशी फटीत घातली. दार अडलं. मग मी झोपले, तेही अनूचा हात धरून.

सकाळी उठून बघते तर चप्पल नाही. बाहेर आले. कमलमावशी एका पायात स्लिपर घालून उभ्या. फिजिक्सचे सर एक बूट हातात घेऊन. सुजाता मॅडमची एक हिलची सँडल गेलेली. सगळ्यांचा एकेकच पाय चोरीला गेला होता. जो तो म्हणत होता, माझी चप्पल दारात होती. पण ती दारात कशाला ठेवली होती, हे कुणी कुणाला विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

खाली गेलो. मॅनेजरनं हसत हसत टेबल दाखवलं. त्यावर पांढरं कापड, आणि कापडावर ओळीनं आमचे सगळे बूट, चपला, लखलखीत. अशा हॉटेलात म्हणे दारात बूट ठेवला म्हणजे तो पॉलिशला दिला असं समजतात. फक्त एकेकच का ठेवलाय, हे त्यांना रात्रभर कोडं पडलं होतं.

"मावशी, तुमची रबरी होती," मॅनेजर म्हणाला. "पॉलिश बसेना, म्हणून धुऊन ठेवली."

मावशींनी ती उचलून उलटीपालटी केली. "लग्नात सुदिक एवढी चमकली न्हवती माझी चप्पल. आता ही एक नवी आन एक जुनी, चालू कसं मी?"

सगळे हसले. तेवढ्यात फिजिक्सच्या सरांनी विचारलं, "चपला कधी उचलल्या?"

"तुम्ही झोपलात तेव्हाच, सर. लगेच."

सरांनी आमच्याकडं बघितलं, आम्ही एकमेकांकडं. चपला काढल्या म्हणजे दारं मिटली. दारं मिटली म्हणजे आम्ही सगळे लातूरचे लोक, तिसऱ्या मजल्यावर, स्लॅबखाली, कुलूपबंद दाराआड रात्रभर झोपलो होतो.

 मग कमलमावशी म्हणाल्या, "तरीच. झोप लई गाढ लागली बगा."

दुसऱ्या रात्री सगळ्यांनी चपला कपाटात ठेवल्या आणि दारात खुर्च्या लावल्या.

*

तलावाचं सांगताना बाकीच्या हसतात. मीही हसते, पण थोडं कमी.

मोठ्या तलावाशेजारी लहान मुलांसाठी एक छोटा तलाव होता, पाणी अनूच्या गुडघ्याएवढं. फिजिक्सच्या सरांचा सोहम, अनूच्याच वयाचा, केव्हाच आत उडी मारून बसला होता. आम्ही बायका काठावर साड्या वर धरून पाय बुडवून बसलो होतो. अनूनं हट्ट धरला. मी म्हटलं जा, पण थांब. माझी ओढणी होती पिशवीत, तिचं एक टोक अनूच्या कमरेला बांधलं आणि दुसरं टोक माझ्या मुठीत.

अनू पाण्यात फिरायला लागली. ओढणी जाईल तेवढंच लांब. मग गोल गोल.

काठावर नांदेडच्याच एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "मुलीला काही त्रास आहे का?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मागून हे आले. "अगं, लेकराला पवायला आणलंय का चारायला?"

सगळा तलाव हसला. कमलमावशी तर हसता हसता पाण्यात पडता पडता राहिल्या. मी पण हसले आणि गाठ सोडली.

लोक पांगल्यावर हे माझ्याजवळ बसले. म्हणाले, "तुला भ्यायचं तर भी. तुला कुणी काही म्हणत नाही, कधी म्हणलं पण नाही. पण तिला तरी मोकळी सोड."

मी म्हटलं, "सोडली की. गाठ सोडली ना."

गाठ सोडली होती. पण अनू परत पाण्यात गेलीच नाही. माझ्या शेजारी काठावर येऊन बसली. गुडघ्याएवढ्या पाण्याकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत तिनं विचारलं, "आई, हे लई खोल हाय का?"

मी नाही म्हणाले. तरी ती गेली नाही.

*

कमलमावशींचं होस्टेलमधलं काम फक्त भाकरीचं नाही. पहाटे पाचला पोरांना उठवायचंही त्यांच्याकडंच. इतक्या वर्षांची सवय. निघायच्या दिवशी पहाटे पाचला त्यांचे डोळे उघडले आणि आपण हॉटेलात आहोत हे काही लक्षात आलं नाही. त्या व्हरांड्यातून एकेक दार वाजवत निघाल्या. "उठा रे लेकरांनो. आज बायोलॉजी हाय. उठा, तोंडं धुवा."

आमचं कुणी हललं नाही. आम्हाला तो आवाज ओळखीचा. पण पलीकडच्या खोल्यांतली पाव्हणे मंडळी घाबरून बाहेर आली. त्यात देगलूरकडचे एक गृहस्थ होते, मुलाला अकरावीला कुठं घालावं हे बघायला आलेले. बाप डोळे चोळत उभा, आणि मागून त्याचं पोरगं खरंच हातात पुस्तक घेऊन आलं. म्हणालं, "मावशी, कितवा धडा?"

मावशी भानावर आल्या आणि तोंडाला पदर लावून खोलीत पळाल्या.

नाश्त्याला ते गृहस्थ मोठ्या सरांना शोधत आले. म्हणाले, "साहेब, ॲडमिशन तुमच्याकडंच. नांदेडात येऊन दार वाजवतात म्हणल्यावर लातुरात काय सोडत असतील."

*

त्याच नाश्त्याचा हा शेवटचा किस्सा.

निघायचा दिवस म्हणून मोठ्या सरांनी सगळ्यांना क्लासचे पिवळे टी-शर्ट वाटले होते. मोठी माणसं पिवळी, लेकरं पिवळी, कमलमावशींनी साडीवरून घातलेला. हॉलमध्ये बाकीचे पाव्हणे साध्या कपड्यांत आणि मधी आमचं सगळं सूर्यफुलाचं शेत. अनू आणि सोहम माझ्या दोन बाजूंना बसले होते. इडली, जिलेबी, फळं, काय पाहिजे ते घ्या. मी दोन दिवसांत पहिल्यांदाच निवांत बसले होते. दुपारी पत्र्याखाली पोहोचणार होते.

तेवढ्यात वरचं झुंबर हललं.

मोठं काचेचं झुंबर. आधी एक लोलक वाजला, मग सगळे. कमलमावशींनी वर बघितलं. फिजिक्सच्या सरांनी वर बघितलं. कुणी ओरडलं नाही. आमच्याकडं अशा वेळी ओरडत नाहीत, ओरडलं की दारात गर्दी होते आणि गर्दीत माणसं आतच राहतात. सगळे नुसते उठले. खुर्चीचा आवाजसुद्धा झाला नाही. मी हात लांब केला, पिवळ्या बाहीतला लहान दंड धरला आणि चालायला लागले. हे मोठ्या सरांच्या आईला धरून माझ्या पुढं. काचेच्या दारातून आम्ही सगळे ओळीनं हिरवळीवर आलो. कित्येकांच्या हातात ताटल्या तशाच होत्या. शेखचाचांच्या हातातला चहा सांडला नव्हता.

आम्ही बाहेर पडलेलं बघून बाकीचे पाव्हणे उठले. कशाला ते त्यांना माहीत नव्हतं, पण एवढे पिवळे लोक इतक्या शिस्तीत बाहेर चाललेत म्हणजे काहीतरी असणार. देगलूरचे गृहस्थ मुलाला घेऊन बाहेर. नांदेडच्या त्या बाई बाहेर. वेटरही बाहेर.

मॅनेजर धावत आला. "काय झालं? काय झालं?"

फिजिक्सच्या सरांनी नुसतं आतल्या झुंबराकडं बोट दाखवलं.

"ते? ते रोज हलतं, सर. आत्ताच एसी चालू केला. वारा लागतो त्याला."

 ताटल्या हातातच होत्या. कमलमावशींनी इडलीचा तुकडा मोडला आणि तिथंच उभ्या उभ्या खायला सुरुवात केली. मग बाकीच्यांनीही केली. पाव्हण्यांनीही.

माझ्या मुठीतला हात तेव्हा हलला. "काकू, हात सोडा ना. दुखायलंय."

मी खाली बघितलं. तो सोहम होता.

पलीकडं सुजाता मॅडम त्याला हाका मारत पळत येत होत्या. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मी काचेकडं वळले. आतला सगळा हॉल रिकामा. पांढरी टेबलं, मागं सरकलेल्या खुर्च्या, वर हलणारं झुंबर, आणि मधल्या टेबलाशी एकटी अनू. पाय हलवत जिलेबी खात होती. हाक मारायला मी तोंड उघडलं, आवाज निघेना. पाय उचलायला गेले, तो जमिनीतून सुटेना. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आत बघितलं, आणि तेही आहेत तिथंच थांबले.

अनूनं जिलेबी संपवली. बोटं चाटली. एकदा मान वर करून झुंबराकडं बघितलं, बराच वेळ, आणि मग खुर्चीवरून खाली उतरून सावकाश चालत आली. दोन्ही हातांनी काचेचं दार ढकललं आणि दारातच उभी राहिली. आम्ही सगळे हिरवळीवर, ताटल्या धरून.

"आई," ती म्हणाली, "समदे भायेर कामून जेवायलेत? आत लई जागा हाय की."